कोकणात कासवाचं पिल्लू घरात वाढवताय? या चुका टाळा

आधी कायद्याचं बोलू, कारण सगळ्यात मोठी चूक तिथेच होते. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं स्टार कासव घरी ठेवणं हा गुन्हा आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते संरक्षित आहे, मग ते कुणी भेट दिलेलं असो नाहीतर वास्तूसाठी म्हणून आणलेलं असो. वेळास-आंजर्ल्याला वाळूतून निघणारी ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची पिल्लं पण टबात घालून घरी आणायची नाहीत. असं कासव कुणाकडे दिसलं तर १९२६ वर वनखात्याला कळवा. खाली लिहिलंय ते सुल्काटा या आफ्रिकन जातीबद्दल, आणि त्याचीही कागदपत्रं बघून घ्या, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करा. मोठं झाल्यावर ते ४०-५० किलोचं होतं हे पिल्लू हातात घेण्याआधीच घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

आता घराचं. कासव म्हटलं की लोक सरळ माशांच्या टाकीत पाणी भरून सोडतात. हे जमिनीवरचं कासव आहे, त्याला पोहता येत नाही, बुडून मरतं. टाकी कोरडी ठेवली तरी काचेतून पलीकडचं दिसतं म्हणून ते दिवसभर कोपऱ्यात पाय खरवडत बसतं. तुमचं पिल्लू असं करत असेल तर बाहेरून चारी बाजूंनी कागद चिकटवा, बऱ्याचदा शांत होतं. मासळीचा थर्माकोलचा बॉक्स अजिबात नको, ते थर्माकोल कुरतडून गिळतं. आंब्याची पेटी पण नको, फटीतून वारा येतो, खिळे असतात आणि पावसाळ्यात लाकडाला बुरशी धरते. साधारण तीन बाय दोन फुटांचा, आरपार न दिसणारा प्लास्टिकचा टब घ्या, स्टुलावर ठेवा (लादी गार असते) आणि स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर लाल मुंग्या रात्रीत पिल्लाचे डोळे खातील. पडवीत ठेवू नका, माजघरात ठेवा.

आपल्याकडची खरी गडबड होते ती ओल आणि गारठ्याची. नेटवर एकीकडे लिहिलेलं असतं की आफ्रिकेचं कासव, कोरडं ठेवा, दुसरीकडे दमट ठेवा, आणि माणूस गोंधळतो. पिल्लाला दमटपणा लागतोच, ८० टक्क्यांच्या आसपास, कोरड्यात वाढलं तर पाठीवर उंचवटे येतात आणि ते पुन्हा कधी सपाट होत नाहीत. पण ओल असेल तर ऊब पाहिजेच. ओल आणि गारठा एकत्र आले की छाती भरते. जुलैत चार-चार तास लाईट जाते, टबावरचा ऊब देणारा दिवा बंद, खाली अंथरलेलं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) ओलं, म्हणजे आजारपण ठरलेलं. म्हणून दिव्याखाली ३५ ते ३८ डिग्री, बाकी टबात २७ ते ३०, आणि रात्री पण २६ च्या खाली जाऊ देऊ नका. थर्मामीटर भिंतीला लावू नका, त्याची वायर जमिनीलगत, पाठीच्या उंचीवर ठेवून बघा, आकडा वेगळाच येतो. रात्रीसाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, चिनीमातीच्या होल्डरमध्येच (प्लास्टिकचा वितळतो) आणि थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करतो तो) लावून. लाईट गेली तर टबावर चादर टाका आणि गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका कडेला ठेवा.

खाली वाळू घालू नका, खाण्याबरोबर पोटात जाते. रद्दी पेपरवर पाय घसरतात. बारीक कोकोपीट चांगलं, आपल्याकडे मिळतं पण सहज, फक्त लांब काथ्या काढून टाका आणि गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुवा, कारण त्यात खार असू शकतो. मूठ आवळली की गोळा झाला पाहिजे पण बोटांतून पाणी गळता कामा नये, एवढीच ओल.

खिडकीतून ऊन येतं म्हणून यूव्हीबी ट्यूब (उन्हातले अतिनील किरण देणारी) न लावणं ही पण नेहमीची चूक. काच यूव्हीबी अडवते आणि त्याशिवाय हाडं, कवच धरत नाही. ट्यूब वर्षाने बदला, उजेड येत असला तरी. सकाळच्या उन्हात नेलंत तर सावलीची जागा ठेवा आणि शेजारी बसून राहा, कावळा-मुंगूस बघतच असतात.

खाण्यात भात, चपाती, सुकी मासळी, फळं काही नको. दूर्वा, साधं गवत, जास्वंदीची पानं-फुलं, फवारणी न केलेली. समुद्रफेस किनाऱ्यावर मिळतो तो चार-पाच दिवस पाणी बदलत भिजवून, वाळवून टाका, कॅल्शियमसाठी ते कुरतडतं. रोज वीसेक मिनिटं कोमट पाण्यात बसवा, पाणी हनुवटीच्या खाली. लघवीबरोबर पांढरं येतं त्याला घाबरू नका, पण ते वाळूसारखं खरखरीत लागलं तर पाणी कमी पडतंय.

सतत लपूनच बसत असेल तर आधी तापमान मोजा, औषध शोधू नका. पण नाकातून बुडबुडे, तोंड उघडं ठेवून श्वास, सुजलेले डोळे यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, आणि जवळचा गुरांचा डॉक्टर कासवं बघतो का हे पिल्लू आणायच्या आधीच विचारून ठेवा, कारण रत्नागिरी-सिंधुदुर्गात ऐन वेळी असा डॉक्टर शोधत फिरायला वेळ नसतो.