फ्युजेरियम सापडली म्हणजे मर रोग नव्हे: निदान करताना या चुका टाळा

मुळाच्या तुकड्यातून फ्युजेरियम ही बुरशी उगवली, म्हणून झाड मर रोगानेच गेले, असे लिहिलेला अहवाल हाती आला की खोड उभे चिरून पाहिल्याची नोंद आहे का, एवढेच मी आधी शोधतो आणि ती बहुधा नसते. फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी बहुतेक जमिनींत असतेच. तिचे कित्येक स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार, कुजणाऱ्या काडीकचऱ्यावर किंवा निरोगी मुळांच्या सालीत कोणाला त्रास न देता राहतात, तर मर आणणारे स्ट्रेन सालीतून पुढे जलवाहिन्यांत शिरतात आणि पाण्याची वाट अडल्यामुळे झाड कोमेजते. त्यातही प्रत्येकाचे पीक सहसा ठरलेले असते. हरभऱ्याची मर आणणारा स्ट्रेन टोमॅटोला मर आणत नाही.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. कोमेजलेल्या टोमॅटोच्या रोपांचा नमुना आला, मी घाईने मुळांचे तुकडे आगरवर, म्हणजे बुरशी वाढवण्याच्या घट्ट माध्यमावर, ठेवले, चार दिवसांत पांढरी, तळाशी जांभळट झाक असलेली वाढ दिसली, सूक्ष्मदर्शकाखाली विळ्याच्या आकाराचे बीजाणू दिसले आणि मी 'मर' लिहून मोकळा झालो. वरिष्ठांनी उरलेले रोप मागवून खोड चिरले, तेव्हा मर रोगात दिसणारी तपकिरी रेघ कुठेच नव्हती. उलट मूळ चिमटीत धरून ओढताच साल मोज्यासारखी निघून आली आणि मधला दोरा तेवढा उरला. पाणी साचलेल्या कुंड्यांतली ती पिथियम या बुरशीसदृश जीवाने आणलेली मूळकूज होती आणि फ्युजेरियम मेलेल्या सालीवर नंतर आली होती. त्याच फ्युजेरियमच्या बीजाणूंच्या पाण्यात निरोगी रोपांची मुळे बुडवून लावली, तर सहा आठवड्यांनंतरही एकही रोप कोमेजले नाही. त्यांच्या मुळांच्या आतून मात्र बुरशी पुन्हा मिळाली. हा प्रयोग वेळखाऊ आहे म्हणून टाळणाऱ्यांनी निदान 'मर' हा शब्द तरी जपून वापरावा.

मुळांचे तुकडे आगरवर ठेवण्याआधी नुसते नळाखाली धुऊ नयेत, वरवर चिकटलेली बुरशीही उगवते. मी ते 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये मिनिटभर बुडवतो, निर्जंतुक पाण्याने तीनदा धुतो आणि शेवटच्या पाण्याचा थेंब वेगळ्या ताटलीत टाकतो. तिथे काही उगवले, तर तो सगळा संच फेकून देतो.

निरुपद्रवी ठरलेला स्ट्रेन कायम तसाच राहील, असेही गृहीत धरू नये. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात टोमॅटोची मर आणणाऱ्या स्ट्रेनची गुणसूत्रे निरुपद्रवी स्ट्रेनमध्ये गेली आणि तोही टोमॅटोला रोग आणू लागला, असे दिसले. याउलट दिसेल ती फ्युजेरियम मारायला निघणेही चूकच, कारण एफओ-47 सारखे निरुपद्रवी स्ट्रेन मुळांवरची जागा आणि अन्न अडवून, शिवाय झाडाची प्रतिकारशक्ती जागी करून रोगकारकाला रोखतात.

दोन-तीन हंगाम पीक बदलले की बुरशी संपली, हा समज तर सर्वांत चिवट आहे. क्लॅमिडोस्पोअर, म्हणजे या बुरशीचे जाड भिंतीचे बीजाणू, जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात, शिवाय रोगकारक स्ट्रेन इतर पिकांच्या आणि तणांच्या मुळांत लक्षणे न दाखवता राहू शकतात. म्हणून मरीच्या शेतातून नमुना घेताना मी हिरव्यागार तणांची मुळेही वेगळ्या पिशवीत भरून आणतो.