चुंबक चिकटला म्हणजे निकेल नव्हे

पुण्यात एम.एस्सी. करताना बेसॉल्ट इतका पाहिला होता, की काळा दगड म्हटला की आपल्याला कळतोच, अशी माझी घमेंड होती. पश्चिम ऑस्ट्रेलियात कंबाल्डाला कोअर लॉगिंगच्या, म्हणजे ड्रिलने जमिनीतून काढलेल्या दगडाच्या दांड्या (कोअर) तपासून नोंदवायच्या, कामावर गेले आणि ती आठवडाभरात उतरली.

कंबाल्डा हे काल्गूर्लीच्या दक्षिणेला, लेफ्रॉय या खाऱ्या सरोवराच्या काठी. इथे निकेल सापडलं १९६६ मध्ये. खडक कोमाटाइट, म्हणजे सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. आपल्या दख्खनचा लाव्हा ११००-१२०० अंशांचा. हा १६०० च्या आसपासचा आणि भलताच पातळ. वाहता वाहता त्याने खालचा गंधकाचा गाळ वितळवून पोटात घेतला. गंधक जास्त झालं तसे सल्फाइडचे, म्हणजे धातू-गंधकाच्या संयुगाचे, जड थेंब वेगळे झाले, लाव्ह्यातलं निकेल ओढून घेत तळच्या घळीत साचले.

पहिल्याच महिन्यात भरीव सल्फाइडचा एक तुकडा हाती आला. चुंबक खटकन चिकटला. मी खुशीत 'उत्तम धातुक' असं लिहून मोकळी! प्रयोगशाळेचे आकडे आले तेव्हा निकेल नावापुरतं. सगळा पायरोटाइट, म्हणजे लोखंड-गंधकाचं खनिज, होता. चुंबकाला ओढतो तो हा, ब्राँझसारखा तपकिरी. खरं निकेल पेंटलँडाइट या खनिजात, वजनाच्या जवळपास एक तृतीयांश, आणि तो चुंबकाला दादच देत नाही. रंगाने जरा फिकट, पिवळसर; भिंगाखाली तुकडा फिरवला की त्याचे सपाट पैलू लकाकतात. तांब्याचा चॅल्कोपायराइट पितळी पिवळाधमक, तो सहसा चुकत नाही. पण बघायचं ते ताज्या फोडलेल्या पृष्ठभागावर. पायरोटाइट हवेत काळवंडतो, ट्रेमध्ये पडून असलेल्या जुन्या कोअरच्या रंगावर विसंबलात की फसलात.

दुसरी सवय लावून घ्या ती क्रम वाचायची. तळाशी भरीव धातुक, त्यावर जाळीदार, त्यावर विखुरलेलं. जाळीदार ओळखायला सोपं: बुंदीच्या लाडवात कळ्या दिसाव्यात तसे ऑलिव्हिन या खनिजाचे काळपट दाणे, मधल्या फटींत सल्फाइडचा पाक. प्रवाहाच्या वरच्या भागात स्पिनिफेक्स, म्हणजे गवताच्या पात्यांसारखे लांबच लांब स्फटिक. थर घडी पडून उलटे झालेत का, ते यावरूनच कळतं.

एकदा मला हा क्रम उलटा दिसला. थर उलटलाय, असं सीनिअरला तावातावाने सांगितलं. तो ट्रेपाशी आला, जमिनीखालच्या खोलीचे आकडे लिहिलेले लाकडी ठोकळे पाहिले आणि हसत सुटला. कोअर मीच उलटा मांडला होता.