शरदातील फळे भरलेले स्कोन

शरद ऋतूत सफरचंद, पेअर आणि प्लम ही फळे भर हंगामात असतात आणि स्कोनमध्ये, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या छोट्या ब्रिटिश पावात, भरण्यासाठी ती उत्तमही लागतात. मात्र स्कोन बिघडतो तोही बहुधा याच फळांमुळे. सफरचंदात सुमारे ८५ टक्के पाणी असते. कच्च्या फोडी थेट पिठात मिसळल्या, तर भाजताना ते पाणी सुटते आणि वरून खरपूस दिसणारा स्कोन आतून चिकट व कच्चट राहतो. म्हणून आधी फळाचा बंदोबस्त करावा, पिठाला हात नंतर लावावा.

दोन मध्यम सफरचंदे सोलून त्यांच्या एक सेंटिमीटरच्या फोडी कराव्यात. पसरट कढईत एक चमचा लोणी, एक मोठा चमचा साखर आणि थोडी दालचिनी पूड घालून त्या मध्यम आचेवर झाकण न ठेवता परताव्यात. प्रथम कढईत रस जमतो, मग तो आटून फोडींना चकाकी येते. कढईचा तळ कोरडा दिसू लागला, पण फोडीचा आकार अजून टिकून आहे, अशा वेळी आच बंद करावी. आंबटसर, घट्ट गराचे सफरचंद येथे सरस ठरते, कारण मऊ जातीचा लगदा होतो. पेअर अधिक रसाळ असल्याने त्याला थोडा जास्त वेळ द्यावा लागतो. फोडी ताटात पसरून पूर्ण गार कराव्यात. कोमट फळाने पिठातले लोणी वितळते आणि सगळी मेहनत वाया जाते.

आता पीठ. ३०० ग्रॅम मैदा, तीन छोटे चमचे बेकिंग पावडर, ५० ग्रॅम साखर आणि पाव चमचा मीठ एकत्र चाळावे. त्यात फ्रिजमधून नुकतेच काढलेले ८० ग्रॅम बिनमिठाचे लोणी लहान तुकडे करून घालावे आणि बोटांच्या टोकांनी, तळहात न लावता, पिठात चोळावे. मिश्रण जाडसर रव्यासारखे दिसले आणि मधूनमधून वाटाण्याएवढे खडे राहिले की थांबावे. हे खडे मुद्दाम ठेवायचे असतात: ओव्हनच्या उष्णतेने लोणी वितळते, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ पिठाचे थर उचलते. एक अंडे फेटून त्यात गार ताक घालून एकूण १५० मिलिलिटर द्रव करावा. त्यातला दोन चमचे बाजूला ठेवून उरलेला पिठात ओतावा आणि पीठ सुरीने कसेबसे गोळा होईल इतकेच कालवावे. कणकेसारखे मळण्याचा मोह आवरावा. मळल्याने ग्लूटेन, म्हणजे मैद्यातले चिवट प्रथिन, ताणले जाते आणि स्कोन चिवट होतो.

ओट्यावर मैदा भुरभुरून गोळा हाताने थापून आयताकृती करावा, अर्ध्या भागावर फळ पसरावे, उरलेला भाग त्यावर दुमडावा आणि पुन्हा हलकेच अडीच सेंटिमीटर जाडीचा थापावा. असे भरल्याने फोडी चिरडत नाहीत. धारदार सुरी सरळ खाली दाबून आठ तुकडे करावेत. सुरी मागेपुढे ओढली तर कडा चिकटून बसतात व स्कोन एका बाजूला कलतो. बाहेर डोकावणाऱ्या फोडी करपतात, त्या आत ढकलाव्यात.

ओव्हन २१० अंशांवर तापेपर्यंत तुकडे फ्रिजमध्ये राहू द्यावेत. मग बटर पेपरवर थोडे अंतर सोडून मांडावेत आणि बाजूला ठेवलेला द्रव फक्त वरच्या बाजूला लावावा, कारण तो कडांवरून ओघळला की फुगण्याला अडसर होतो. १६ ते १८ मिनिटांत वरचा रंग सोनेरी होतो, पण केवळ रंगावर विसंबू नये. एक स्कोन उचलून तळ पाहावा. तोही तांबूस हवा. नंतर जाळीवर काढावेत, म्हणजे वाफेने तळ ओलसर होत नाही.

हे स्कोन त्याच दिवशी खाण्यातच मजा आहे. सगळे लागणार नसतील, तर कच्चे तुकडेच फ्रीजरमध्ये ठेवावेत आणि हवे तेव्हा, न वितळवता, चार-पाच मिनिटे जास्त देऊन भाजावेत.