क्रेडिट कार्डाची थकबाकी फेडताना या चुका टाळा

महिनोन् महिने पैसे भरूनही कार्डाची थकबाकी हलत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांनी एकही तारीख चुकवलेली नसते. ते नेमाने भरतात, पण बिलावरची ‘किमान देय रक्कम’ तेवढी भरतात, आणि बहुतेकदा घोटाळा तिथेच असतो.

समजा, बिल १,००,००० रुपयांचे आहे, किमान रक्कम ५ टक्के आणि व्याज महिना ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के आहे. आपण ५,००० रुपये भरले, ९५,००० उरले. त्यावर महिन्याचे व्याज ३,३२५ रुपये आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटीचे सुमारे ६०० रुपये लागतात. म्हणजे खिशातून पाच हजार गेले आणि कर्ज जेमतेम १,०७५ रुपयांनी उतरले. किमान रक्कम अशी ठरवावी की थकबाकी वाढत जाणार नाही, एवढीच अट रिझर्व्ह बँकेने घातली आहे. कर्ज लवकर फिटावे हा किमान रकमेचा हेतूच नाही. केवळ किमान रक्कम भरल्यास परतफेड वर्षानुवर्षे लांबते, हा इशारा प्रत्येक बिलावर छापणे बंधनकारक आहे, पण तो वाचतो कोण? अनेकांनी तर ऑटो डेबिट सुरू करताना ‘किमान रक्कम’ हा पर्याय निवडलेला असतो आणि पुढे त्याकडे पाहिलेलेही नसते. आजच बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ही नोंद तपासावी.

याहून घातक, आणि माझ्या मते सर्वांत कमी समजलेली चूक म्हणजे थकबाकी फेडत असतानाच त्याच कार्डावर किराणा, पेट्रोल आणि मोबाइलचे रिचार्ज चालू ठेवणे. मागील बिल पूर्ण भरलेले नसेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज घेतलेल्या ६,००० रुपयांच्या किराण्यावर आजपासूनच व्याज धावू लागते. म्हणून थकबाकी शून्यावर येईपर्यंत ते कार्ड वापरातून पूर्ण काढावे, ऑनलाइन दुकानांत जपून ठेवलेला त्याचा तपशील पुसावा आणि सर्व वर्गण्यांचे पैसे बचत खात्यातून जातील अशी सोय करावी. कार्डावर एटीएममधून रोकड काढण्याचा तर विचारही नको, कारण तिथे सहसा बिनव्याजी मुदत नसते आणि शुल्क वेगळे लागते.

व्याज दिवसागणिक मोजले जाते, हेही लक्षात घ्यावे. पगार १ तारखेला आणि बिलाची मुदत १६ तारखेला असेल तर हातातले २०,००० रुपये पंधरा दिवस थांबवून ठेवल्याने सुमारे साडेतीनशे रुपये विनाकारण जातात. शिवाय शेवटच्या दिवशी भरलेले पैसे कार्ड खात्यात वेळेत जमा होतीलच असे नाही.

एकाहून अधिक कार्डे असतील तर सगळ्यांवर थोडे थोडे भरून समाधान मानू नये. इतर कार्डांची किमान रक्कम भरावी आणि उरलेली सर्व रक्कम सर्वाधिक व्याजाच्या कार्डावर लावावी. एकीकडे सात टक्क्यांची मुदत ठेव जपणे आणि दुसरीकडे बेचाळीस टक्के व्याज भरणे हा उघड तोट्याचा व्यवहार आहे. आजारपणासाठी लागेल तेवढी रक्कम बाजूला ठेवून बाकीची ठेव मोडावी. बँकेचे वैयक्तिक किंवा सोनेतारण कर्ज कार्डापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते, मात्र हप्ता झेपणार नसेल तर घरातले सोने गहाण टाकू नये. अशा कर्जाने कार्ड मोकळे झाले की काही जण पुन्हा खर्च करू लागतात, आणि मग दोन्ही ओझी एकदम वाहावी लागतात. कार्डाची मर्यादा त्याच दिवशी कमी करून घेणे हा यावरचा साधा उपाय आहे.

हप्ते थकलेच असतील तर फोन टाळू नये. बँकेला लेखी कळवून थकबाकीचे मासिक हप्ते करून मागावेत. प्रक्रिया शुल्क आणि मुदतपूर्व फेडीचे शुल्क आधी विचारावे. ‘अर्धे भरा, प्रकरण मिटवू’ या प्रस्तावाला चटकन होकार देऊ नये, कारण कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिल या संस्थेच्या अहवालात ‘सेटल्ड’, म्हणजे पूर्ण न फेडता मिटवलेले, अशी नोंद होते आणि पुढे गृहकर्ज मागताना ती आडवी येते. वसुली प्रतिनिधीने सकाळी ८ पूर्वी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करणे नियमबाह्य आहे. अशा फोनची तारीख आणि वेळ टिपून बँकेकडे तक्रार करावी, आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे.

पूर्ण फेड झाल्यावर थकबाकी नसल्याचे पत्र मागून घ्यावे. कार्ड बंद करायचे असेल तर लेखी विनंती करावी. देणे बाकी नसताना सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने ते बंद केले नाही, तर खाते बंद होईपर्यंत दररोज ५०० रुपये दंड ग्राहकाला देणे तिच्यावर बंधनकारक आहे.