वॅक्स अन् सीलंटने माखलेले पॅड कसे धुवायचे, तेही आपल्याकडच्या जड पाण्यात

मागच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. आमच्या वॉशिंगवर सकाळपासून रांग, दोन बोलेरो, एक अर्टिगा, तीन ट्रॅक्टर, अन् प्रत्येकाला गाडी संध्याकाळच्या आत चकाचक पाहिजे काहून की सकाळी पूजा. बोलेरोच्या बॉनेटवर सीलंट, म्हणजे रंगावर चमकीचा थर देणारा माल, मशीनने फिरवत होतो अन् लाइन गेली. येईल आता, येईल आता म्हणत पॅड, म्हणजे मशीनला लावायची फोमची गोल गादी, तसाच मशीनला राहू दिला, बाकीचे तीन टायरच्या थप्पीवर टाकले अन् हाताने पुसत बसलो, त्यात रात्र झाली. सकाळी पाहतो तं चारही पॅड कडक. शेजारचा पंक्चरवाला एक पॅड हातात घेऊन वाजवून पाहत म्हणे, "काहून भाऊ, पापड वाळू घातले होते का?"

साबणात भिजवले, घासले, काही उपयोग नाही. तेव्हापासून पॅड धुवायची माझी पद्धत बदलली, ती इथं सांगतो. वॉशिंगवाल्यालाच नाही, घरी आपली गाडी हाताने चमकवणाऱ्यालाही कामाची आहे, पॅड तं दोघांचा सारखाच घाण होते.

पॅडवर आहे काय ते आधी पाहा

वॅक्स म्हणजे मेण. कारनौबा म्हणतात ते ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानावरचं मेण, अस्सल असलं तं ८० डिग्रीच्या वर वितळते, पण डब्यात येते ते तेल अन् सॉल्व्हंट टाकून मऊ केलेलं. पॅडच्या छिद्रांत ते असं बसते जसं थंडीत वरणाच्या वाटीला तूप. कोमट पाणी अन् भांडे घासायचं लिक्विड, एवढ्यात निघते. दोन दिवस पडून राहिलं तरी निघते, घासावं जास्त लागते एवढंच.

सीलंटची जात वेगळी. ते कारखान्यात बनवलेलं पॉलिमर, बऱ्याच सीलंटमध्ये सिलिकॉन राहते, अन् त्यातलं पातळ उडून गेलं की बाकीचं एकमेकाला अन् खालच्या पृष्ठभागाला पकडून बसते, त्याच्यामुळंच तं ते गाडीवर महिनोन्महिने टिकते. पण पॅडच्या आतही तेच होते ना! ओलं असेपर्यंत साबणाला ऐकते, एकदा पक्कं धरलं की नाही ऐकत. म्हणून दोन्ही प्रकारचे पॅड धुवायचे असतील अन् हातात वेळ कमी असेल तं सीलंटवाला आधी, वॅक्सवाला उद्या धुतला तरी चालते. आमच्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री असते, तेव्हा तं सीलंट पॅडमध्ये चहा पिऊन येईपर्यंत घट्ट व्हायला लागते.

सिरॅमिक कोटिंग लावायचा छोटा ठोकळा अन् त्याचं फडकं मात्र धुवायच्या भानगडीत पडूच नका. ते काचेसारखं कडक होते अन् धुऊन वापरलं तं दुसऱ्या गाडीवर चरे पाडते. काम झालं की फेकायचं.

बादली आधी, मशीन नंतर

माझ्याकडे रंगाची रिकामी २० लिटरची बादली आहे, आधी नीट घासून घेतलेली. काम सुरू करायच्या आधीच तिच्यात चार-पाच लिटर पाणी अन् दोन चमचे भांड्यांचं लिक्विड टाकून बाजूला ठेवतो. पॅड मशीनवरून निघाला की सरळ त्यात. लाइन गेली तरी त्यातच. ही सवय नसती तं पुढचं सगळं सांगून उपयोग नव्हता.

कामाच्या मधेही एक करा, दरवाजा झाला, बॉनेट झालं की जाड टॉवेल पॅडवर दाबून मशीन अगदी स्लोवर दोन सेकंद फिरवायचं, नाहीतर मशीन बंद ठेवून मऊ ब्रशने झाडायचं. जास्तीचा माल टॉवेलमध्ये येते अन् शेवटी धुवायला अर्धंच राहते. शिवाय माल भरलेला पॅड नीट पसरवतही नाही, गाडीवर ढगासारखे डाग ठेवते.

पाणी कोमट असावं, हात आरामात बुडला पाहिजे. उन्हाळ्यात आमच्या छतावरच्या टाकीचं दुपारचं पाणी आपोआपच तसं असते, गरम करायची गरज नाही. उकळतं नको. माझ्या भाच्याने एकदा मेण वितळवायचं म्हणून चुलीवरच्या घमेल्यात पॅड सोडले, मेण निघालं का नाही माहीत नाही, मागचं वेल्क्रो (पॅड मशीनला चिकटवायचं कापड) मात्र पुरणपोळीच्या पदरासारखं सुटून वर तरंगत होतं. वेल्क्रो डिंकाने चिकटवलेलं असते अन् उष्णतेने डिंक जाते. पॅड रात्रभर बुडवून ठेवला तरी तो ढिला पडते, म्हणून १५-२० मिनिटं बस्स. तेवढ्यात हात मोकळा होणार नसेल तं घमेल्यात फक्त दोन बोटं साबणाचं पाणी घ्या अन् पॅड पालथा ठेवा, फोम खाली, वेल्क्रो वर कोरडं. असा एखादा तास राहिला तरी बिघडत नाही.

घासायची पद्धत

पॅड तळहातावर धरायचा अन् दुसऱ्या हाताने दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. स्पंजसारखं पाणी आत ओढू द्यायचं अन् बाहेर ढकलायचं. पिळायचा नाही, कपड्यासारखा तं अजिबातच नाही, पिळलं की फोम आतून फाटते अन् कडेला चिरा पडतात. पहिल्या पाच-सहा दाबांत दुधासारखं पांढरं पाणी निघते, ते निघू द्या.

मग ब्रश. कपड्याचा कडक ब्रश नको, जुना टूथब्रश चालते पण वेळ लय लागते, मी मऊ नायलॉनचा हातभर ब्रश ठेवला आहे. मधून कडेकडे घासायचं म्हणजे माल बाहेर लोटला जाते. बोट फिरवून पाहा, जिथं मेण जमलं आहे तिथं पॅड गुळगुळीत अन् थोडा चकचकीत लागते, उरलेला खरखरीत. मी तं डोळे मिटूनच पाहतो, बोटाला लवकर समजते.

सीलंटच्या पॅडला नुसतं लिक्विड पुरत नाही. त्याला ऑल पर्पज क्लीनर लागते, एका भागाला दहा भाग पाणी घालून स्प्रेच्या बाटलीत भरून ठेवा. पॅड एकदा पाण्यात दाबून घेतला की त्यावर हे मारायचं, पाच मिनिटं थांबायचं, वाळू द्यायचं नाही, मग ब्रश. एकदा नाही गेलं तं दुसऱ्यांदा. संत्र्याच्या तेलाचं डिग्रीजर मिळते तेही चांगलं काम करते, आमच्या विदर्भात संत्र्याची एवढी बाग असून ते मात्र ऑनलाइन मागवावं लागते हा वेगळाच विनोद आहे.

आता डिझेलचं. आमच्याकडे कशालाही पहिला उपाय डिझेल, नाहीतर पेट्रोल, नाहीतर थिनर. हाताला ग्रीस लागलं, डिझेल. डांबर लागलं, डिझेल. पॅडला नका लावू. पेट्रोल अन् थिनरने फोम फुगते, डिंक सुटते, डिझेलचं तेल कितीही धुतलं तरी आत राहते अन् पुढच्या गाडीच्या रंगावर उतरते. अन् पेट्रोलची बादली घेऊन बसलेल्याच्या बाजूला कोणीतरी बिडी पेटवतेच, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

खरं काम खंगाळायचं

व्हिडिओत दाखवतात, नळाखाली धरला, दोनदा दाबला, झालं. त्यांचं पाणी गोडं असेल. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला आतून पांढरी कडी पडते, अन् पूर्णा नदीकडे खारपाणपट्ट्यात गेलात तं चहासुद्धा खारट लागते. अशा पाण्यात कपड्याची साबणवडी वापरली तं फेस येत नाही, पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी मिळून तिचा पांढरा चिकट साका होते अन् तो मेणापेक्षा वाईट, फोमच्या छिद्रातून निघतच नाही. लोकांना वाटते मेण गेलं नाही, म्हणून आणखी साबण लावतात, आणखी साका. म्हणून वडी नाही, पावडर नाही (पावडरीचे कण जड पाण्यात पूर्ण विरघळत नाहीत), फक्त लिक्विड, अन् तेही सांगितलं तेवढंच. जास्त टाकलं तं काढायला तेवढंच जास्त पाणी, अन् पाणी आमच्याकडे फुकट नाही येत.

तीन भांडे मांडा. पहिल्यात दाबून मोठा फेस काढायचा, दुसऱ्यात उरलेला, तिसरं पाणी स्वच्छ. पुढचा पॅड आला की पहिलं पाणी फेकायचं, दुसरं पहिल्याच्या जागी सरकवायचं. असे सहा-सात पॅड ३० लिटरच्या आत होतात, नळाखाली यापेक्षा कितीतरी जास्त जाते. तिसऱ्या पाण्यात दोन-तीन चमचे पांढरं व्हिनेगर टाका, चायनीजच्या गाडीवर असते तेच, क्षार धरून बसत नाहीत. मग एकदा साध्या पाण्यातून काढून घ्या. पावसाळ्यात माझं सोपं असते, टिनावरचं पाणी ड्रममध्ये धरतो, पहिल्या पावसाचं सोडून द्यायचं, नंतरचं पाणी असं मऊ की पॅडमध्ये क्षार बसतच नाहीत. आरओचं जे पाणी बाहेर पडते ते वाचवून वापरायचा कोणी सल्ला दिला तं ऐकू नका, त्यात तं क्षार आणखी जास्त.

झालं का नाही हे पाहायला पॅड स्टीलच्या ताटात दाबा. पाणी दुधाळ असेल, वर तेलाचे रंग दिसत असतील, फेसाची कड उरत असेल तं परत. पाणी जसं टाकलं तसंच आलं की थांबा.

मेणाचं पाणी विहिरीजवळ अन् जनावरांच्या हौदाकडे जाणाऱ्या नालीत टाकायचं नाही, हे सांगायला नको पण सांगतो.

वाळवताना घाई नको

जास्तीचं पाणी काढायला पॅड मशीनला लावून बादलीच्या आत धरा, आतच, अन् कमी स्पीडवर पाच-सात सेकंद फिरवा. बादलीच्या बाहेर फिरवलं तं भिंतीवर, गाडीवर अन् स्वतःच्या तोंडावर शिंतोडे उडतात. अन् पाण्यात मशीन बुडायला नको, ओल्या हाताने स्विच तं नकोच नको.

मग सावलीत, जाळीवर, फोम खाली अन् वेल्क्रो वर, म्हणजे पाणी डिंकापासून दूर झिरपते. आमच्याकडे ऊन एवढं की वाटते दहा मिनिटांत वाळेल, वाळतेही, पण उन्हाने फोम पिवळा पडते अन् काही महिन्यांत बोट लावलं की चुरा. मी कूलरसमोर ठेवतो, पंप बंद करून नुसता पंखा. पंप चालू ठेवून पॅड वाळवणारेही पाहिले आहेत, दिवसभर ओलेच. अंगणात तं मुळीच नाही, दसऱ्याच्या वेळी सोयाबीन काढणी सुरू असते, थ्रेशरचं कुटार अन् फुफाटा सगळीकडे, अन् ओल्या पॅडमध्ये धूळ शिरली की पॉलिश पेपर तयार. पॅड जमिनीवर पडला तरी मी तो रंगावर परत वापरत नाही, काळ्या मातीतले बारीक खडे दिसत नाहीत पण काळ्या गाडीवर मालकाला बरोबर दिसतात.

मायक्रोफायबरचे पॅड असतील तं हेच सगळं, फक्त फॅब्रिक कंडिशनर चुकूनही नको, तो धाग्यावर पातळ थर देते अन् धागे काहीच उचलत नाहीत. ब्लीच नको. वाळल्यावर ब्रशने धागे उभे करा, हवेचा कॉम्प्रेसर असेल तं थोडं लांबून तिरकी हवा मारा. लोकरीचा पॅड थंड पाण्यात, नाहीतर नमद्यासारखा घट्ट होते.

पॅड पूर्ण वाळला की त्यावर पाण्याचा एक थेंब टाका. नवा होता तेव्हा थेंब किती वेळात आत गेला ते आठवत असेल तं उत्तम, नाहीतर आता नव्या पॅडवर टाकून पाहून ठेवा. तेवढ्याच वेळात गेला तं साफ. मोत्यासारखा वर बसून राहिला तं आत सीलंट नाहीतर मेण उरलं आहे. असा पॅड पॉलिशला घ्यायचा नाही, ज्या मालाचा आहे त्यालाच ठेवायचा. म्हणून मी वेल्क्रोच्या बाजूला मार्करने खूण करतो, गोल म्हणजे वॅक्स, फुली म्हणजे सीलंट, काही नाही म्हणजे पॉलिश. एकाचा पॅड दुसऱ्याला लावला की कितीही धुतलेला असला तरी काम बिघडते. ठेवताना झाकणाचा डबा, नाहीतर कापसाच्या दिवसांत पांढरे तंतू सगळीकडे उडत असतात अन् उंदरांनाही फोम आवडते.

दसऱ्याच्या त्या चार पॅडचं विचाराल तं क्लीनर मारून, भिजवून, घासून दोन थोडे मऊ झाले, त्यांनी आता टायरला काळं लावतो. एकाने डॅशबोर्डखालची जाळी पुसतो. चौथा पंक्चरवाल्याने नेला, त्याच्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे.