निळसर तीळ दिसला तर काय पाहावं?

तीळ काळा किंवा तपकिरी असतो अशी आपली समजूत. त्यामुळे हातापायावर, चेहऱ्यावर किंवा डोक्यात निळसर ठिपका दिसला की दचकायला होतं. खरं तर त्वचेत निळा रंग तयारच होत नाही. रंगद्रव्य नेहमीचंच, मेलॅनिन. फक्त ते बनवणाऱ्या पेशी खोल, त्वचेच्या आतल्या थरात असतात. तिथवर पोचलेला लाल प्रकाश शोषला जातो, निळा विखरून परत येतो. डॉक्टर याला ब्लू नीव्हस म्हणतात. तो सहसा निरुपद्रवी असतो.

आधी तो तीळच आहे का, ते बघा. मुका मार असेल तर डाग हिरवा-पिवळा होत दोन-तीन आठवड्यांत जातो. शाळेत पेन्सिलचं टोक घुसलं होतं का, तेही आठवा. आत राहिलेलं शिसं वर्षानुवर्षं निळं दिसतं! उतारवयात ओठावर आलेला निळा फुगवटा दाबल्यावर फिका पडला, तर ती बहुधा फुगलेली शीर असते. तीळ दाबून फिका पडत नाही.

मग दिवसाउजेडी, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा आणि महिन्याने तसाच पुन्हा काढा. साधा ब्लू नीव्हस बहुतेक १ सेंटिमीटरपेक्षा लहान, गुळगुळीत, एकसारख्या रंगाचा असतो आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो. कुल्ल्यावर किंवा माकडहाडाजवळ १ ते ३ सेंटिमीटरचा प्रकारही आढळतो. तो मात्र एकदा दाखवून घ्यावाच. डोक्यातला तीळ दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या.

मोठेपणी नव्याने उगवलेला, वाढणारा, रक्त येणारा, चिघळणारा किंवा काढल्यावर परत आलेला तीळ असेल, तर महिनाभर फोटो काढत बसू नका. त्वचेचा घातक कर्करोग, म्हणजे मेलॅनोमा, कधी कधी असाच निळा-काळा, टणक गाठीसारखा वाढतो. नुसत्या डोळ्यांनी फरक कळेलच असं नाही. त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने, बघतात आणि शंका असेल तर तीळ मुळापासून कापून तपासणीला पाठवतात.

तीळ जाळणारी मलमं किंवा परस्पर लेझर, दोन्ही नकोच. वरचा भाग जातो, खोलवरच्या पेशी राहतात आणि प्रयोगशाळेत पाठवायला काही उरत नाही.