ग्रंथालयाची सूची एआय मॉडेलला जोडताना

एका लहान ग्रंथालयाची पुस्तकसूची एसक्यूलाइट या डेटाबेसच्या एकाच फाइलमध्ये आहे, आणि ‘या लेखिकेची कोणती पुस्तके आज कपाटात आहेत?’ असे साध्या मराठीत विचारून उत्तर मिळावे अशी ग्रंथपालांची इच्छा आहे, असे समजू. पूर्वी प्रत्येक मॉडेलसाठी अशी जोडणी निराळी लिहावी लागे; पाच मॉडेले आणि दहा सॉफ्टवेअरे म्हटली की पन्नास जोडण्या. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजेच एमसीपी, दोन्ही बाजूंना एकच ठरलेली बोली देतो, त्यामुळे काम पंधरा जोडण्यांवर येते. मार्च २०२५ मध्ये ओपनएआयनेही तो स्वीकारल्याने आज लिहिलेला सर्व्हर, म्हणजे सूचीसारखी माहिती मॉडेलला पुरवणारा प्रोग्राम, एकाच कंपनीच्या दावणीला बांधला जात नाही.

आपल्याला लिहायचा असतो तो फक्त सर्व्हर. ज्या ॲपमध्ये संभाषण चालते ते होस्ट, आणि त्याच्या आत प्रत्येक सर्व्हरशी बोलणारा एक क्लायंट असतो. क्लायंट आणि सर्व्हर यांच्यातले निरोप जेसन-आरपीसी २.० या ठरलेल्या साच्यात जातात : आधी आवृत्ती व क्षमता यांची ओळखपाळख होते, मग क्लायंट टूलांची, म्हणजे सर्व्हर करून देऊ शकेल अशा कामांची, यादी मागतो आणि गरजेनुसार एखादे टूल चालवण्याची विनंती पाठवतो. येथे एक गैरसमज वारंवार आढळतो. मॉडेल स्वतः काहीही चालवत नाही; कोणते टूल कोणत्या माहितीसह हवे एवढेच ते लिहून देते आणि ती विनंती पुढे पाठवण्याचे काम होस्ट करतो.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेसाठीचा एमसीपीचा अधिकृत एसडीके (तयार साधनसंच) बसवून सूचीत शोध घेणारे एकच फंक्शन लिहावे आणि ते टूल म्हणून नोंदवावे. कोणती माहिती कोणत्या प्रकारची हवी, याचा तक्ता एसडीके फंक्शनच्या टाइप हिंटांवरून (कोडमध्ये लिहिलेल्या माहितीच्या प्रकारांवरून) तयार करतो आणि वर्णन त्याच्या डॉकस्ट्रिंगमधून, म्हणजे फंक्शनच्या सुरुवातीला लिहिलेल्या टिपणातून, घेतो. टूलचे नाव रोमन अक्षरांत ठेवावे. वर्णन मराठीत चालते. माझ्या मते अर्ध्याहून अधिक मेहनत या वर्णनावरच घ्यावी, कारण टूल केव्हा वापरायचे हे मॉडेल मुख्यतः त्यावरूनच ठरवते. ‘पुस्तके शोधते’ एवढे पुरत नाही. ‘शीर्षकाचा किंवा लेखकाच्या नावाचा काही भाग दिल्यास जास्तीत जास्त वीस नोंदी देते, पुस्तक बाहेर गेले असल्यास परतीची तारीख देते, सभासदांची माहिती देत नाही’ असे लिहिले की चुकीच्या विनंत्या बऱ्याच कमी होतात.

मराठी सूचीत आणखी एक अडचण हमखास येते. ‘ऱ्या’मधला ऱ एका संकेतांकाने (अक्षराच्या युनिकोडमधल्या क्रमांकाने) किंवा र आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही साठवता येतो, डोळ्यांना फरक दिसत नाही, पण शोध रिकामा परततो. प्रकाशनवर्ष कुठे देवनागरी अंकांत असते, कुठे इंग्रजी. म्हणून साठवलेला मजकूर आणि आलेला शब्द दोन्ही युनिकोडच्या एनएफसी या एकसारख्या रूपात आणून, अंकांची लिपी एक करूनच तुलना करावी.

सर्व्हर त्याच संगणकावर चालणार असेल तर एसटीडीआयओ, म्हणजे प्रोग्रामच्या प्रमाण इनपुट-आउटपुटमधून निरोप नेणारा मार्ग, पुरेसा आहे. होस्टच्या सेटिंग्जमध्ये सर्व्हर सुरू करण्याची आज्ञा आणि त्याच्या फाइलचा पूर्ण पत्ता द्यावा. या मार्गात प्रमाण आउटपुटवर प्रोटोकॉलचे निरोपच जायला हवेत. तपासणीसाठी घातलेली एखादी प्रिंट ओळही संवाद बिघडवू शकते, तेव्हा अशा नोंदी एसटीडीईआरआरवर, म्हणजे त्रुटींसाठीच्या वेगळ्या आउटपुटवर, पाठवाव्यात. होस्टला जोडण्यापूर्वी एमसीपी इन्स्पेक्टर या तपासणीच्या साधनामध्ये टूल हाताने चालवून पाहिल्यास दोष सर्व्हरचा की मॉडेलच्या समजुतीचा, हे लगेच कळते. दूरच्या सर्व्हरसाठी स्ट्रीमेबल एचटीटीपी (नेटवर्कवरून निरोप नेणारा मार्ग) आणि ओऑथ (प्रवेशाची परवानगी देण्याची पद्धत) आहेत; सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नये.

परवानग्यांबाबत मात्र कंजुषी हवी. डेटाबेस केवळ वाचनासाठी उघडावा, आलेला शब्द एसक्यूएलच्या (डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेच्या) वाक्यात थेट न जोडता पॅरामीटर म्हणून वेगळा द्यावा आणि सभासदांचे तक्ते या फाइलमध्ये ठेवूच नयेत. सूचीतला मजकूरही निरुपद्रवी मानू नये : एखाद्या नोंदीच्या शेऱ्यात कोणी ‘आधीच्या सूचना विसर’ असे लिहून ठेवले, तर मॉडेल त्याला आज्ञा समजण्याचा धोका असतो. पुस्तक राखून ठेवण्यासारखे, नोंद बदलणारे टूल पुढे वेगळे लिहावे, आणि ते चालवण्यापूर्वी होस्टने प्रत्येक वेळी ग्रंथपालांची संमती विचारावी अशी व्यवस्था ठेवावी.